रोझीबाईने नाकारलेला चमत्कार

रोझीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकासमोर कोशाच्या रेशमाची साडी उलगडून तिचं गुणगान करत होतो. फोनवरचा माणूस म्हणाला, "शेठ, चमत्कारवाली बाई गेली." मी असा गरजलो, "खबरदार!", की गिऱ्हाईक साडी टाकून पळालं. रोझीबाई पोट धरून हसली असती... आणि मग तिने त्या माणसाला माझ्याहून जास्त झापलं असतं.

वैनगंगेकाठच्या आमच्या गावात, मिशनच्या दवाखान्यात, ती नर्स होती. पक्की कॅथलिक. सुई टोचण्याआधी क्रूसाची खूण करायची आणि पेशंटला सांगायची, "तू आपल्या देवाले बोलाव, मी माह्या देवाले बोलावतो. सुई एकच आहे." मोठा पूर चढू लागला तेव्हा तिने चॅपलमधली मरियमची मूर्ती चादरीत गुंडाळून दवाखान्याच्या माळ्यावर ठेवली. पाणी ओसरल्यावर चिखल तुडवत जाऊन पुन्हा कोनाड्यात उभी केली. देवाची वस्तू जागच्या जागी हवी, ही तिची खोड, आणि तिथेच घात झाला. मागून लोक आले. भिंत मूर्तीच्या डोक्याच्या वरपर्यंत ओली, मूर्ती मात्र कोरडी! झालं. मेणबत्त्या आल्या, नारळ आले, मोबाईल आले. रोझीबाई दारात ओरडायची, "अरे, मीच माळ्यावर ठेवली होती!" लोक हात जोडायचे, "मायनंच तुमच्या हातून करवून घेतलं." आता बोला!

हा किस्सा मी रंगवून सांगायचो. ती मात्र हसायची नाही, कारण त्या पुरात गिरजाबाई बुडाली होती. चॅपल झाडणारी, खोलगटात राहणारी हिंदू म्हातारी. वरच्या धरणाची दारं उघडली, पण गावात दवंडीच दिली गेली नाही. पुढारी आले, मूर्तीला हार घातला, "मायनं गाव राखलं" म्हणाले आणि गाडीत बसले. मायनं राखल्यावर चौकशी कसली? गिरजाबाईचं आयुष्यच तेवढं होतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. रोझीबाई दवंडीचा जाब विचारायला कचेरीत जायची. साहेब उठून तिच्या पाया पडायचे, चहा मागवायचे... आणि उत्तर द्यायचे नाहीत.

"काहून शेठ," ती मला म्हणायची, "मूर्ती वाचवते अन् गिरजाले बुडू देते, अशी आहे का माही माय? चूक या साहेबलोकायची, अन् नाव तिचं बदनाम करून राहिले!"

मृतांसाठीच्या प्रार्थनेत फादर नावं वाचत. ती संपली की रोझीबाई बाकावरून खणखणीत म्हणायची, "गिरजाबाई. पुरात बुडाली. दवंडी नव्हती." फादर आधी चिडायचे, नंतर थांबायला शिकले.

परवा तिच्यासाठी मिस्साची प्रार्थना झाली. फादरनी तिचं नाव घेतलं आणि सवयीने थांबले. चॅपलमध्ये कधी 'आमेन'सुद्धा मोठ्याने न म्हटलेला मी उठलो आणि गिरजाबाईचं ते सगळं म्हटलं, दवंडीसकट.

पुढच्या बाकावरची बाई वळून कुजबुजली, "भाऊ, आज तरी राहू द्या."

मग कधी म्हणायचं?