दादाचा साफ केलेला आवाज

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलोय. धाराशिवात लग्नांचं शूटिंग करतो. रुसलेल्या वरमाईपेक्षा भयानक काही आजवर माझ्या कॅमेऱ्यात आलेलं नाही. तरी हे लिहितोय...

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जवळच तेर गावी असायचा. त्याच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं आणि पाठवणीचा अख्खा भाग माझ्याच हातनं डिलीट झाला. भटजींच्या जेवणाचं फुटेज मात्र शाबूत! तेव्हापासून दादानं बोलणं टाकलं.

मग त्यानं नवं घर बांधलं आणि अचानक त्याचा व्हॉइस मेसेज आला. रिकाम्या हॉलमधनं बोललेला, आवाज नुसता घुमत होता. "रविवारी वास्तुशांती हाय. येऊ न..." पुढचं सगळं त्या घुमण्यात बुडालेलं.

सरळ फोन करायचा ना? पण आम्ही पडलो टेक्निकल माणूस! घुमणारा आवाज साफ करणारं एआय नुकतंच घेतलं होतं. ते नुसतं पुसत नाही, बुडालेले शब्द अंदाजानं, त्याच माणसाच्या आवाजात नव्यानं बोलतं. फाईल टाकली. दादा जणू कानाशी बसून बोलला —

"येऊ नको, फुसक्या."

लहानपणी मी तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब पेटवला होता. तो फुस्स झाला, मी मात्र बोंबलत विहिरीपर्यंत पळालो. तेव्हापासून, दोघंच असलो की, दादा मला फुसक्या म्हणायचा. फक्त तोच.

गेलो नाही. त्याच महिन्यात दादा हार्ट अटॅकनं गेला.

दहाव्याला वहिनी म्हणाल्या, "भावजी, वास्तुशांतीला यायचं नव्हतं तर कळवायचं तरी. दर एस.टी.ला स्टँडवर जात व्हते ओ ते."

"वहिनी, त्यानंच नको म्हणून सांगितलं."

"कायबी काय! मी शेजारी उभी व्हते. 'येऊन जा' म्हणले."

मी साफ केलेला आवाज ऐकवला. वहिनी रडायच्या थांबल्या.

"आवाज ह्यांचाच हाय... पण असं म्हणलेच न्हाईत. आन् भावजी, फुसक्या कोण?"

मूळ मेसेज कितीदा ऐकला. शेवटी नुसतं घुमणं, नाव कुठंच नाही. 'येऊन जा'चं 'येऊ नको' मशीननं केलं असेल, समजू शकतो. पण ते नाव त्याला कुणी सांगितलं? पुन्हा पुन्हा चालवून बघितलं, दरवेळी तेच 'नको' आणि तेच 'फुसक्या'.

सगळी चूक मशीनची म्हणावी, तर ते नाव आडवं येतं. आणि ते नाव दादानंच घेतलं म्हणावं, तर 'नको'ही त्याचंच धरावं लागतं.