टुकटुक खेळणारा नवरा

शुक्रवारी सकाळी मस्कतमध्ये आमच्या मराठी मंडळींचं क्रिकेट असतं. आम्ही बायका गाड्यांच्या सावलीत थर्मास घेऊन बसतो आणि दर वेळी एकाच गोष्टीवरून भांडतो: माझ्या नवऱ्याला सलामीला पाठवावं की नाही. बाकीचे सगळे पहिल्या चेंडूपासून हाणणारे, आणि हा टुकटुक खेळत षटकं खातो.

कप्तानाची बायको, रत्नागिरीच्या भाभी, त्याची बाजू घेतात. "एक टोक धरून ठेवणारा कुणीतरी हवाच गं."

मी उसळते. "दहा षटकांच्या सामन्यात कसलं टोक धरताय, भाभी? यल्ला, चल, मार म्हणावं त्याला!"

बायकोच नवऱ्याला शिव्या घालते, याची सगळ्यांना भारी मजा वाटते.

नवरा नोकरीला दुक्मला, इथून पाचशेवर किलोमीटर लांब. शनिवारी दुपारी तो एकटाच गाडी घेऊन निघतो. वाळवंटातला सरळसोट रस्ता, गाड्या सुसाट, आणि कुठूनही उंट आडवा येतो. पोचल्याचा त्याचा फोन येईपर्यंत मला जेवण जात नाही.

परवा आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी निघताना स्टिअरिंगवर हात ठेवून तो म्हणाला, "माझ्यामुळेच हरतोय का गं आपण? पुढच्या वेळी आडवातिडवा मारून बघू?"

मी खिडकीतून वाकून त्याचा पट्टा नीट लागलाय का ते ओढून बघितलं.

"काही नको," मी म्हटलं. "तू आहेस तस्साच खेळ."