सांडलेलं खाद्य

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. एकवीस वर्षं ती उंदरांचे पिंजरे साफ करत होती आणि रोज त्यांचं वजन करून वहीत सही करत होती. या वेळी खाद्यात तंबाखूची पूड मिसळली होती. उंदीर ते खातच नव्हते. पंजांनी उकरून भुशात सांडत होते आणि भुकेने चवताळून एकमेकांच्या शेपट्या चावत होते. साहेबांनी मात्र लिहिलं, तंबाखू खाल्ल्याने वजन घटलं, स्वभाव बिघडला.

"खाल्ल्याने नाही साहेब, उपाशी राहिल्याने."

"मावशी, तुम्ही पिंजरे झाडा. संशोधन आमच्यावर सोडा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भुसा चाळला आणि त्यातलं खाद्य उंदरांच्याच काट्यावर ठेवलं. कालच्या दोनशे ग्रॅमपैकी एकशे सत्तर तिथेच होतं.

"हे पोटात गेलं म्हणता? तुम्हाला आठवडाभर उपाशी ठेवलं, तर तुमचा स्वभाव गोड राहील का?"

"फेकून द्या ते," साहेब मान वर न करता म्हणाले.

मावशीने सहीच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'खाल्लं नाही, सांडलं.' मग पहिल्या पिंजऱ्यात तिने साधं खाद्य ओतलं. साहेब ताडकन उठले, तोवर तिने दुसरा पिंजरा उघडला होता.