म्हातारीचा पोळा

आमच्या विद्यापीठात घोडे आहेत, हे मला प्रवेश घेईपर्यंत माहीत नव्हतं. दौंडच्या अलीकडं, महामार्ग सोडून आत, उसाच्या रानांमध्ये आमचं आवार आहे आणि त्याच्या मागच्या टोकाला पत्र्याचा तबेला. अर्जात ‘इतर कौशल्ये’ असा एक रकाना होता. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी लिहिलं, ‘घोडीवर बसता येते.’ आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. काय लिहावं आणि काय लिहू नये, हे विचारायला कुणी नव्हतं.

बसता येत होतं, ते खरं. आमच्या गावी, निमोण्याला, चुलत्यांची घोडी होती, बैलगाड्यापुढं पळणारी. आमच्याकडच्या शर्यतीत गाड्यावर माणूस नसतो. बैलं घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सुटतात, त्यांच्यापुढं घोडी पळते आणि तिच्या मागानं बैलं धावतात. शर्यती बंद होत्या त्या वर्षांत ती घोडी दावणीलाच उभी असायची. तिला फिरवायचं काम माझ्याकडं आलं. खोगीर नव्हतं, पोतं टाकून मी शिकले.

विद्यापीठाच्या अश्वारोहण पथकात माझी निवड झाली, पण पहिल्याच दिवशी माझं बसणं बघून सरांनी शिट्टी वाजवली. सर घोडदळातून निवृत्त झालेले. म्हणाले, “तू घोड्यावर बसली आहेस की घोडं चोरून पळाली आहेस?” सगळे हसले. पुण्याची एक मुलगी म्हणाली, “सर, हिच्या मागं बैल सोडा, मग बघा.” तेव्हापासून माझं नाव ‘गाडेवाली’ पडलं. मला राग यायचा नाही, फक्त त्यांच्यासमोर बोलायला जीभ उचलायची नाही.

मला मिळाली ती सगळ्यात जुनी घोडी. तांबडी, उंच, पूर्वी रेसकोर्सवर पळालेली. तबेल्याचे मामा तिला म्हातारी म्हणायचे. मामा दौंडचे, त्यांचे वडीलही घोड्यांचीच कामं करायचे. पहाटे खरारा करताना ते तिच्याशी गावाकडच्या गप्पा मारत आणि आम्हाला मात्र एकच वाक्य ऐकवत, “मापाबाहेर एक दाणा न्हाई.” जव, गव्हाचा कोंडा, थोडा हरभरा, सगळं पत्र्याच्या डब्यानं मोजून. घोड्यांना हातानं काही चारायचं नाही, हा नियम भिंतीवरही लिहिलेला होता. मी तो पाळत होते. पण मनात कुठंतरी मला वाटायचं, हा नियम ज्यांना जनावर माहीत नाही त्यांच्यासाठी आहे.

आमच्याकडं पोळा भादव्यात असतो. दुसऱ्या वर्षी मी त्यासाठी घरी गेले. बैलं धुतली, शिंगं रंगवली, घोडीलाही ओवाळलं. आमच्या घरी पोळ्याला जनावर आधी जेवतं, माणूस मग. पुरणपोळी आणि गूळ घालून शिजवलेल्या बाजरीच्या घुगऱ्या. ताट चाटूनपुसून खाणारी घोडी बघताना मला म्हातारीची आठवण झाली. तिला कुणी कधी ओवाळलं नसेल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग ने की तिला, एवढ्या उरल्यात.” आणि दुधाच्या किटलीत घुगऱ्या गच्च भरून दिल्या, वर चार पोळ्या.

ती किटली रात्रभर झाकण लावून राहिली. सकाळी एसटीत माझ्या पायाशी होती, न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत आणि तिथून पुढं जीपमध्ये. उन्हानं किटली तापली होती. झाकण उघडलं तेव्हा किंचित आंबूस वास आला, हे मला आठवतं. मी तो वास घेतला होता, असं इथं लिहायलाच हवं.

शुक्रवार होता. दुपारी मामा नमाजाला जात. तबेल्यात कुणी नव्हतं. मी हळदकुंकवाची पुडीही आणली होती. म्हातारीच्या कपाळाला बोट लावलं, पायावर पाणी घातलं आणि बादलीत किटली रिकामी केली. तिनं मान वर केली नाही. सगळं संपल्यावर बादली चाटत राहिली. मी तिचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं, बादली धुतली आणि वर्गात गेले.

तीनच्या सुमाराला परत आले तर ती ठाणावर पाय आपटत होती. वळून स्वतःच्या कुशीकडं बघत होती, पुन्हा पुन्हा, जणू तिथं कुणी उभं आहे. मान घामानं भिजलेली. मामांनी एका नजरेत ओळखलं. “कळ हाय पोटात. धर दोरी, चालवत ऱ्हा, बसू द्यायची न्हाई.” आणि ते सरांना फोन करायला गेले.

डॉक्टर शिरूरहून यायचे होते. ते येईपर्यंत तासभर आम्ही दोघं तिला मैदानाभोवती चालवत होतो. सर आले आणि त्यांनी मामांना विचारलं, काय काय दिलं होतं. मामांनी सकाळचा खुराक मापासकट सांगितला. सरांनी पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा. मामांनी तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. मी दोरी धरून चार पावलांवर होते.

मी का बोलले नाही, याचा मी खूप विचार केला आहे. पथकातून काढतील, ही भीती होती. गाडेवालीनं शेवटी गावठीपणा केलाच, असं म्हणतील, तीही होती. पण त्याहून मोठं म्हणजे मी स्वतःला समजावत होते की आमची घोडी दरवर्षी हेच खाते, तिला कधी काही झालं नाही. आमच्या घोडीला गुळाची आणि बाजरीची बारमाही सवय होती, हे मी मनात येऊ दिलं नाही.

डॉक्टर आले, त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मलाही विचारलं, काही वेगळं खाल्लंय का. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी वायू धरला असेल म्हणून इंजेक्शन दिलं आणि चालवत राहायला सांगितलं. आणखी तास गेला. ती दोनदा खाली पडली, दोनदा मामांनी तिला ओरडून उठवलं. ओरडताना त्यांचा आवाज फाटत होता.

मग डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली. आधी काहीच येईना. मग आंबट वासाचं पाणी आलं आणि त्यात फुगलेली बाजरी.

“बाजरी कुणी घातली?” डॉक्टरांनी विचारलं. सरांनी मामांकडं बघितलं. आमच्या तबेल्यात बाजरी येतच नाही. मामा नळीच्या तोंडाकडं बघत राहिले.

तेव्हा मी सांगितलं. किटली, पोळा, सगळं.

कुणी मला रागावलं नाही. डॉक्टरांनी फक्त सांगितलं की घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं फुगलं तर बाहेर यायला वाट नसते, आणि आधी कळलं असतं तर नळी आल्या आल्या घातली असती. एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. पण बाजरीनं नळी सारखी तुंबत होती.

सूर्य मावळायच्या आधी ती एकदम शांत झाली. पाय आपटणं थांबलं, मान खाली आली. मी मामांना म्हणाले, “मामा, बरं वाटतंय का तिला?” मामांनी तोंड फिरवलं. पोट आतून फाटलं की असं होतं, हे डॉक्टरांनी सरांना सांगितलं, तेव्हा मला कळलं. मग त्यांनी शेवटचं इंजेक्शन भरलं. दुसऱ्या दिवशी मैदानामागं जेसीबीनं खड्डा घेतला.

सरांनी मला पथकातून कमी केलं. पथक सोडल्याच्या अर्जावर सही घेताना ते म्हणाले, “मामांना मी उगाच दोनदा विचारलं.” माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत.

चार दिवसांनी मी तबेल्यात गेले. मामा पोत्यावर बसून लगामाचं कातडं पुसत होते. मी माफी मागायला सुरुवात केली.

“चारलं ते चारलं,” मामा म्हणाले. “न कळता चारलं. पर दोरी तुझ्या हातात व्हती पोरी. दोन तास तू तिच्याबरं चाललीस. तवा तुला कळत व्हतं.”

मी हो म्हणाले.

त्यांनी लगाम उलटा करून दुसरी बाजू पुसायला घेतली. मग विचारलं, “खाल्लं का आवडीनं तिनं?”

“समदं खाल्लं,” मी म्हणाले. “बादली चाटली.”

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले. “आता तू हितं येत जाऊ नगंस.”

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा देते, पास होते. घरी अजून वाटतं की मी पथकात आहे. आई फोनवर घोडीची चौकशी करते आणि मी सांगते, बरी आहे.