चौदा नवरदेव आणि एक काचेचं छप्पर

स्टाफरूममधल्या गोष्टी न तपासलेल्या पेपरांसारख्या असतात. उद्या बघू म्हणता म्हणता गठ्ठा होतो. आमच्या मुरुडच्या शाळेतला गेल्या दोन वर्षांचा सगळा गठ्ठा एकाच विषयावर आहे, तो म्हणजे कदम सरांच्या गाडीचं छप्पर.

आधीच सांगून टाकतो, माझा जीव जळायचा. अजूनही जळतो. त्यामुळे मी सांगतो त्यातलं थोडं कमी करून ऐका.

कारण असं की, आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. त्याला परण्या म्हणतात. नऊ वर्षं स्टाफमधल्या कुणाच्याही घरचा परण्या निघाला की गाडी माझीच असायची. पांढरी, झेंडूच्या माळा घातलेली, आणि स्टेअरिंगवर मी. एकूण चौदा नवरदेव नेले. फेटा बांधून घ्यायचा मान, पहिल्या पंगतीला पाट. गणिताच्या मास्तराला यापेक्षा जास्त कोण विचारतं?

*

मग भूगोलाच्या कदम सरांनी ती गाडी आणली. शाळेच्या मैदानात उभी केली, पेढे वाटले आणि आत बसून बटण दाबलं. आतला पडदा सरकत सरकत पार मागच्या सीटपर्यंत गेला आणि वर नुसती काच. अख्खा स्टाफ माना वर करून बघत होता. हेडमास्तरसुद्धा.

मी खाली वाकून टायर बघत होतो.

"शिंदे सर, वर बघा की," कदम म्हणाले.

"हवा कमी वाटून राहिली," मी म्हणालो.

हवा बरोबर होती.

*

पहिला मान गेला तो शिरूर अनंतपाळला. आमच्या क्लार्कच्या पुतण्याचं लग्न. क्लार्क दरवेळी माझ्याकडे यायचा, यावेळी माझ्या टेबलावरून सरळ कदमांच्या टेबलाकडे गेला. मला फक्त पत्रिका दिली.

नवरदेव काच उघडून कमरेपर्यंत वर उभा. खाली बँडवाले, पोरं नाचतायत. मी पायी चाललो होतो, नऊ वर्षांत पहिल्यांदा. गल्लीच्या तोंडाला पताकांची दोरी जरा खाली बांधलेली होती. गाडी पुढे गेली, नवरदेव पुढे गेला, बाशिंग मात्र दोरीला लटकून राहिलं.

मला बरं वाटलं. चांगलं नाही, पण वाटलं खरं.

म्हटलं, आता लोक शहाणे होतील. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तिघांनी कदमांकडे परण्यासाठी तारखा दिल्या. एकाने विचारलं, "बाशिंग जरा बारकं केलं तर जमतंय का न्हाई?"

*

लातूरहून मुरुडला आम्ही चौघं एकाच गाडीतून जातो. दर आठवड्याला एकाची पाळी. मे महिन्यात पेपर तपासायला जाताना कदमांच्या गाडीची पाळी आली. डोक्यावर ऊन, आणि हा माणूस पडदा लावायला तयार नाही. "पडदाच लावायचा तर पॅनोरॅमिक सनरूफची घेतली कशाला?" हे त्यांचं म्हणणं. आम्ही तिघं डोक्यावर रुमाल टाकून बसायचो.

त्याच उन्हात त्यांनी आईला मामाकडे नांदेडला नेलं. म्हातारी मागच्या सीटवर छत्री उघडून बसली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "बाबा, तिकीट काढून टपावर बसवलास का रे मला?"

हे कदमांनीच हसत हसत सांगितलं. स्वतःची फजिती हसून सांगणाऱ्या माणसावर जळणं फार अवघड जातं. तरी मी नेटाने जळलो.

पुढच्याच आठवड्यात ते काचेला काळी फिल्म लावायला सलीमभाईच्या कुशनच्या दुकानात गेले. मीही सोबत होतो. सलीमभाई काचेवर हात फिरवत म्हणाले, "क्या सर, पहले आसमान होना बोलके गाडी लेते. फिर मेरे पास आके छत्री मांगते."

*

एवढं सगळं डोळ्यांनी बघून शहाणा माणूस काय करेल? मी नांदेडला शोरूममध्ये गेलो. नांदेडला अशासाठी की लातूरच्या शोरूममध्ये कुणीतरी बघितलं असतं.

साध्या छपराचं मॉडेल आम्हाला पुरेसं होतं. डिकी मोठी, मायलेज चांगलं. सेल्समन म्हणाला, "सर, सनरूफ असलं की आत मोकळं मोकळं वाटतं."

बायकोही सोबत आली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांगा, तुम्हाला आभाळ पाहिजे की कदम सर?"

मी तिच्याकडे न बघता काचेच्या छपराच्या फॉर्मवर सही केली. पांढरी एक्स्चेंजमध्ये दिली. चावी देताना सीटच्या फटीत झेंडूची वाळलेली पाकळी सापडली, ती खिशात टाकली.

*

नवी गाडी मैदानात लावली तेव्हा स्टाफ जमला. मी बटण दाबलं. पडदा सरकला. सगळ्यांनी माना वर केल्या. कदम सर खाली वाकून टायर बघत होते.

दोन वर्षांतलं माझं सगळ्यात मोठं सुख ते. दोन मिनिटं टिकलं.

गर्दी पांगल्यावर कदम जवळ आले. हातात पत्रिका, अक्षता लावलेली. "पोराचं लग्न काढलं सर. परण्याला गाडी पाहिजे होती तुमची."

"अहो, न्या की," मी म्हणालो. "मीच चालवतो. पोरगं वर उभं राहिलं की गावभर दिसेल."

"तसली तर माझ्याकडंच हाय," कदम म्हणाले. "पोराची आई ऐकून न्हाई राहिली. म्हणती, शिंदे सरांची पांढरीच पाहिजे. चौदा नवरदेव नेले, एकाचंबी बाशिंग हाललं न्हाई." मग त्यांनी मैदानात इकडे तिकडे बघितलं. "पांढरी घरी ठेवली का?"

मी दार उघडून त्यांना शेजारी बसवलं. मग बटण दाबून पडदा पुन्हा पूर्ण मागे घेतला, आणि आम्ही दोघं बराच वेळ वर बघत बसलो.