शॉक मागायला आलेला बाप

"बाई, याले शॉक द्या अन् मोकळं करा. पुढच्या महिन्यात लगन हाय."

अनसिंग गावचे नामदेवराव उभ्यानेच बोलत होते. त्यांचा एकोणीस वर्षांचा सुधाकर खुर्चीत मान खाली घालून बसला होता. जेवत नाही, झोपत नाही, लग्नाचं नाव काढलं की शेतातल्या विहिरीवर जाऊन बसतो. ही सगळी हिस्ट्री वडिलांनीच दिली. प्रश्न मुलाला विचारला तरी उत्तर त्यांच्याकडून यायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मानसोपचारतज्ज्ञ. आठवड्यातून एकदा अकोल्याहून वाशीमला ओपीडी करायला जायचे. लोकांच्या लेखी मी शॉकवाली बाई. शॉक म्हणजे मेंदूला क्षणभर दिलेला विजेचा झटका. काही गंभीर आजारांत तो खरोखर उपयोगी पडतो. पण न ऐकणाऱ्या पोरांना वठणीवर आणायलाही लोक तो मागत, आणि मला त्याची भयंकर चीड यायची.

मी वडिलांना बाहेर बसवलं आणि दार लावलं. तरुण मुलगा, डॉक्टरीण आणि बंद दार! बाहेर सिस्टर मुद्दाम पुन्हा पुन्हा खोकत होत्या.

"इथलं बोलणं इथंच राहील," मी म्हटलं.

मी पोलीस पाटील असल्यासारखं सुधाकरने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "देवीले कबूल केलेला बोकड म्या बाजारात इकला. बापाले वाटते चोरी गेला."

नवसाचा बोकड विकणं हा त्या घरात केवढा गुन्हा, हे मला माहीत होतं. झोपेच्या गोळ्या लिहून देऊन मी बाहेर पडताच नामदेवरावांनी मला गाठलं.

"काय बोलला?"

"ते त्याचं आणि माझं."

"पोरगं माहं अन् बोलनं तुमचं?"

पुढच्या आठवड्यात सुधाकरने पहिल्यांदा नजर वर केली. "बोकड गोठ्यातच हाय. तुमी बापाले सांगता का, ते पाहून राह्यलो होतो."

मला हसू आलं आणि रागही आला. पण मग तो खरं बोलला.

"मले पोरी आवडत नाई. पोरंच आवडते. लहानपनापासून. हा कोनता रोग हाय?"

"रोग नाहीच."

"मंग औषध कायले देता?"

"झोपेसाठी. तू विहिरीवर जाऊन बसतोस, त्याची मला काळजी आहे. तुझ्या आवडीची नाही."

तो ढसाढसा रडला.

आमची बहुतेक पुस्तकं तेव्हा याला आजारच म्हणत. म्हणून वाशीमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनाही मी काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "दोन-चार शॉक देऊन टाका. बाप खूश."

"शॉक देण्यासारखं काही सापडलं नाही, सर."

"मग दार लावून इतका वेळ करता काय?"

नामदेवरावांचा सवाल त्याहून सरळ होता. "आजारी असन तं शॉक द्या. नसन तं लगन काहून नाई?"

पोरगं दोन्हीकडून अडकत होतं. मी सुधाकरला आत घेऊन विचारलं, "तुझ्या बापाला काय सांगू?"

"माहं नका सांगू. त्या पोरीचं सांगा. तिचं काहून वाटोळं करता?"

मी नामदेवरावांना बोलावलं. "तुम्हाला मुली आहेत?"

"हायेत ना. दोघीजनी."

"त्यांतल्या एकीच्या नवऱ्याला बायको नकोच असली, आणि हे त्याच्या बापाला लग्नाआधीच माहीत असलं, तर त्या बापाला काय म्हणाल?"

त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं. किती समजलं, देव जाणे.

"जोड्यानं हानीन," ते म्हणाले, आणि पोराला दंडाला धरून निघून गेले.

लग्न मोडलं. पाठोपाठ माझ्याविरुद्ध तक्रार आली, डॉक्टरीण दार लावून पोरांचे कान भरते म्हणून. केली होती नामदेवरावांनीच. मोठ्या डॉक्टरांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली. सुधाकर तोवर अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागला होता. माझ्या तिथल्या ओपीडीत तो एकटाच यायचा, आपली हिस्ट्री आपणच सांगायचा.

आमच्या कामात घरच्यांचे आभार क्वचितच मिळतात. पोरगं जिवंत आहे ना, मग तक्रारीवर भागतं.