एक-दोन ठिकाणी वादळ

हवामानमावशींना वादळाची भीती वाटायची. सगळी नोकरी हवामानाचे अंदाज लिहिण्यात गेलेली, पण चैत्र लागला की जेवणं उरकताच त्या घराच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि उकाड्यात घामाघूम होऊन बसायच्या. कलकत्त्यात बालीगंजला त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. माझ्या नवऱ्याची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या खाली आल्या. मला वाटलं, विरजण वगैरे हवं असेल. त्या म्हणाल्या, "गच्चीवर कपडे वाळत घालतेस ना? दुपारी तीननंतर वर जायचं नाही. कपडे गेले तर जाऊ देत."

चैत्र-वैशाखात इथल्या सपाट मुलखावर दुपारनंतर वायव्येकडून वादळं येतात. बंगाली लोक त्यांना कालबैशाखी म्हणतात आणि उकाडा हटला म्हणून खूशही होतात. मावशींना ती खुशी कधी कळली नाही. सगळे गार वाऱ्याला गॅलरीत येत, तेव्हा त्या आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेल्या असत.

निवृत्तीनंतरही त्यांचा सोमवार चुकला नाही. गावातल्या मराठी घरांना त्या फोन करत आणि येत्या आठवड्याचा अंदाज सांगत. कशा आहात, काय केलंत, असलं काही नाही, सरळ सुरुवात. "बुधवारपर्यंत कोरडं, ऊन वाढेल. गुरुवारपासून समुद्रावरून ओलावा येईल. शनिवार-रविवार एक-दोन ठिकाणी विजांसह वादळ." मी एकदा हसून म्हटलं, "मावशी, एक-दोन ठिकाणीच ना? मग एवढं काय?" त्या म्हणाल्या, "त्या ठिकाणी कोण उभं असेल, ते अंदाजात लिहिता येत नाही."

त्या वर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाची सहल कलकत्त्याजवळच्या बजबजला ठरली होती. नदीकाठी एक बागघर मिळालं होतं. सोमवारी मावशींचा फोन आला: रविवार बरा नाही, पुढे ढकला. मंडळाचे चिटणीस देसाई म्हणाले, "मावशी, तुम्ही दर वर्षी हेच सांगता. गेल्या वर्षी तर कडकडीत ऊन पडलं होतं." ते खरंच होतं. मावशींनी वाद घातला नाही. रविवारी सकाळी मात्र त्या हातात पिशवी घेऊन आमच्या दाराशी उभ्या. मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा?" तर म्हणाल्या, "घरी बसून भिण्यापेक्षा तिथे येऊन भिते."

आभाळ स्वच्छ होतं. मसालेभात, श्रीखंड झालं, बायका आंब्याखाली सतरंज्यांवर आडव्या झाल्या. देसायांनी मुलांना नदीत फिरवून आणायला एक नाव ठरवली. मुलं घाटावर रांगेत उभी राहिली. माझी ईरा, तेव्हा पहिलीत, सगळ्यांत पुढे. तेवढ्यात मावशी पायऱ्या उतरल्या, साडी वर खोचली आणि कुणाला कळायच्या आत नावेत जाऊन बसल्या. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली. त्यांना पोहता येत नव्हतं. एरवी घाटाच्या शेवटच्या पायरीवरही त्या पाय ठेवत नसत.

"मावशी, मुलांना बसू द्या," देसाई म्हणाले.

"जागा नाही."

"अहो, सगळी नाव रिकामी आहे."

"मी उतरणार नाही, देसाई. मला उचलून काढायचं असेल तर काढा."

देसाई चिडले. सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या भीतीपायी मुलांच्या आनंदावर विरजण कशाला?" मावशी हलल्या नाहीत. नावाडी विडी ओढत तमाशा बघत होता. मुलं रडायला लागली आणि मला, खरं सांगते, मावशींची लाज वाटली. शेवटी देसायांनी नावाड्याला नको म्हणून सांगितलं. सगळे तोंडं पाडून बागघरात परतले. मावशींशी कोणी बोलेना.

मग वारा पडला. इतका की आंब्याचं पान हलेना. कावळे एकाएकी गप्प झाले. पलीकडच्या काठावर शाई सांडावी तसं काहीतरी वर चढत होतं. मावशी उठल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "झाडाखालून उठा. सतरंज्या राहू देत. आत चला." या वेळी सगळे उठले.

आम्ही पक्क्या खोलीत दारं लावून बसलो. आधी धूळ आली, मग वारा, मग दिवसाउजेडी काळोख. पडवीचा पत्रा फाटल्यासारखा आवाज करत निघून गेला. वीज इतकी जवळ पडत होती की उजेड आणि कडकडाट एकदमच येत. ईरा माझ्या पोटाशी होती. माझा एक हात मावशींनी धरला होता आणि त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली होती. त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या. मला वाटलं स्तोत्र असेल. कान दिला तर त्या फक्त म्हणत होत्या, "सगळे आत आहेत. सगळे आत आहेत."

वादळ ओसरल्यावर बाहेर आलो. आंब्याची मोठी फांदी सतरंज्यांवर पडली होती. नाव घाटावर उलटी होऊन पडली होती. देसाई हात जोडून मावशींसमोर उभे राहिले. मावशी म्हणाल्या, "वादळ आलं नसतं तरी मी उतरले नसते. आणि तुम्ही मला वेडी म्हणाला असतात. बहुतेक वेळा तसंच होतं."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच चैत्रात त्यांनी संध्याकाळच्या वादळाचा अंदाज लिहिला होता. नवऱ्यालाही सकाळी सांगितलं होतं. त्यांनी हसून छत्री घेतली होती. वादळ अगदी सांगितल्या वेळी आलं. "ऑफिसात सगळे माझं कौतुक करत होते," मावशी म्हणाल्या. "साहेबांनी मिठाई मागवली. मी पेढा खाल्ला. त्यानंतर फोन आला. ऑफिसातून घरी येताना बालीगंजच्या रस्त्यावर आमचे हे झाडाखाली थांबले होते." आणि मग म्हणाल्या, "अंदाज चुकला असता तर किती बरं झालं असतं."

पुढे मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. तिथूनही चैत्रात फोन येत, कलकत्त्याचा अंदाज सांगायला. गेल्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. मुलगा म्हणाला, शांतपणे गेल्या.

आता आम्ही कलकत्त्यातच, सॉल्ट लेकला राहतो. ईरा जवळच सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत नोकरी करते. अंदाज मोबाइलवर येतो आणि ती तो न वाचताच पुसून टाकते. परवा सकाळी मी तिला लवकर ये म्हटलं. "आई, तू पण ना! ऑफिस आहे, शाळा थोडीच आहे?" तिच्या मराठीत बंगाली हेल येतो. दुपारी चारला वायव्य काळी झाली. तिचा फोन लागेना. मेसेज जाईना. मी गॅलरीत उभी राहिले, मग आत आले, मग पुन्हा बाहेर. समोरचा कृष्णचूडा, म्हणजे आपला गुलमोहर, जमिनीला टेकेल इतका वाकत होता आणि त्याच्याखाली कुणाचीतरी छत्री दिसत होती. छत्रीखालचा माणूस दिसत नव्हता. मी तशीच अनवाणी जिना उतरले आणि पावसात ओरडत गेले, "तिथून निघा! निघा तिथून!" एक अनोळखी म्हातारे गृहस्थ होते. ते घाबरून माझ्यामागे आमच्या जिन्यात आले.

ईरा अर्ध्या तासाने आली, नखशिखांत भिजलेली, हसत. जिन्यात मी आणि ते गृहस्थ पायरीवर बसलो होतो. मी दारातून त्या झाडाकडेच बघत होते. तिचं हसू थांबलं. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, मी आले आहे. बघ ना माझ्याकडे."